पिचिंगच्या क्लासचे पैसे भरले आणि कोच म्हणतो चेंडू टाकायचा नाही

कैरीपन्हं | ९ डिसेंबर, रात्री ११:१०

मंडळी, परदेशातली मुलं आणि खेळ यावरचे जुने धागे उपसून झाले. पोहणं आणि बुद्धिबळ यांच्या पुढे गाडी गेलेली दिसली नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आम्ही मध्य न्यू जर्सीत. मुलगा ११ वर्षांचा, तीन वर्षं लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळतोय. पिचर आहे (बॅटरला चेंडू टाकणारा), आणि पिचिंग नसेल त्या दिवशी कॅचर (बॅटरच्या मागे बसून झेलणारा). यंदा उन्हाळ्यानंतर एका ट्रॅव्हल टीममध्येही (बाहेरगावी जाऊन स्पर्धा खेळणारी टीम) निवड झाली. तिथल्या कोचनी सांगितलं की हिवाळा वाया घालवू नका, इनडोअर क्लास लावा, मार्चपर्यंत याचा वेग वाढलेला दिसला पाहिजे. म्हणून शोधाशोध करून आठ पिचिंग लेसनचं पॅकेज घेतलं.

हायवेलगत टाइल्सचं गोदाम आहे, त्याच्या मागच्या अर्ध्या भागात हे सेंटर. बाहेरून बघाल तर इथे कुणी खेळत असेल असं वाटणार नाही. आत शिरलं की आधी रबराचा वास येतो. खाली हिरवं टर्फ, छतापासून जाळ्या सोडून केलेल्या लांबलचक बोगद्यासारख्या जागा (केज म्हणतात), आणि ॲल्युमिनियमच्या बॅटांचा टण्ण टण्ण आवाज. पत्र्याचं छत असल्यामुळे तांबट आळीत बसल्यासारखं वाटतं. पालकांसाठी एक खचलेला सोफा आहे. धाकटी आणि मी तिथेच असतो.

चालवणारा गृहस्थ, म्हणजेच आमचा कोच, पूर्वी प्रोफेशनल पिचर होता. मेजर लीगपर्यंत पोचला नाही, मायनर लीगमध्ये डबल-ए पर्यंत (मेजरच्या दोन पायऱ्या खाली) गेला. हे तो स्वतःच पहिल्या मिनिटात सांगून टाकतो. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला करंगळीपेक्षा लांब पांढरा वण आहे, त्याबद्दल मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही.

तर पहिला दिवस. पोराने बारा चेंडू टाकले. तेराव्याला कोचने हात वर करून थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "याने शेवटची सुट्टी कधी घेतली?" मला वाटलं शाळेची सुट्टी. मी म्हटलं, थँक्सगिव्हिंगला आम्ही घरीच होतो. तो हसला नाही.

मग एकेक विचारत गेला. मार्चपासून किती टीममध्ये खेळलास? दोन. एकाच दिवशी पिचिंग आणि कॅचिंग केलंस? कधीकधी. दुखतं का? पोरगा म्हणाला नाही. मग कोपराची आतली बाजू बोटाने चाचपत परत विचारलं तेव्हा म्हणाला, "थोडंसं. पण ते नेहमीचंच." हे "नेहमीचंच" आईला पहिल्यांदा कळत होतं.

भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पोराच्या नावापुढे आठ चौकोन आखलेले होते. ते त्याने तळहाताने पुसले आणि लिहिलं, १ फेब्रुवारी. तोपर्यंत खांद्यावरून काहीही फेकायचं नाही, आणि आधी कोपर डॉक्टरांना दाखवा. बॅटिंगला ये, पायांचं काम करायला ये, नाहीतर बास्केटबॉल खेळ. पैसे बॅटिंगकडे वळवतो, नको असतील तर परत देतो.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणतो, "गिऱ्हाईक दारात आलंय आणि वाणी सांगतो साखर घेऊ नका. काहीतरी गडबड आहे." ट्रॅव्हल टीमचे कोच म्हणतात बाकी सगळी मुलं टाकताहेत. कुणाचं ऐकू?

दुसरा छोटा प्रश्न. धाकटी ९ वर्षांची. तिला दादासारखं बेसबॉलच हवंय. सगळे म्हणतात मुलींनी सॉफ्टबॉल (मोठा चेंडू, खालून टाकायचा) खेळायचं. खरंच असं असतं का?

---

पिंपळपान | १० डिसेंबर, सकाळी ७:४०

डॉक्टरांकडे जाऊन या आणि त्या माणसाला सोडू नका. आमच्याकडे अर्ध्या तासाचे ६० डॉलर मोजून आम्ही दोन हिवाळे याच्या बरोब्बर उलट ऐकलं. बाकी सविस्तर संध्याकाळी, आत्ता डबे भरतेय.

---

गल्लीक्रिकेट | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

पोराचं नवीन बॅट घ्या हे पालुपद सुरू झालं नाही अजून? होईल.

आमच्या घरी वेगळीच कथा. आम्ही पिढीजात टेनिस बॉलवाले. मुलगा पहिल्यांदा बेसबॉलला उभा राहिला तर पाय पुढे, कोपर वर, बॅट सरळ. मला भरून आलं. कोचला आलं नाही. आणि फेकणं तर विचारूच नका. आपल्याकडे कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की गोलंदाजीची चौकशी लागते, इथे सगळ्यांना रीतसर फेकायलाच शिकवतात. माझे आबा असते तर सरसकट नोबॉल दिले असते.

बाकी २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल तिन्ही आहेत. टीव्ही एकच आहे, आमच्यात भांडणं नक्की.

---

हाडाचा_फिजिओ | १० डिसेंबर, दुपारी १:०५

कैरीपन्हं, पुण्यात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे बेसबॉलचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण जलद गोलंदाज आणि भालाफेकवाली मुलं रोज येतात, म्हणून लिहितोय. तपासल्याशिवाय निदान करत नाही, फक्त तो माणूस कशाला घाबरला असेल ते सांगतो.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा मूळ हाडाशी पक्का जुळलेला नसतो, मधे कूर्चेची पट्टी असते. जोरात फेकताना ती बाजू ताणली जाते. मोठ्या माणसात हा ताण लिगामेंटवर (हाडं जोडणाऱ्या बंधावर) येतो, मुलात या पट्टीवर, कारण तिथे तीच सगळ्यात कच्ची असते. इतक्या पोरांना हे होतं की त्या दुखण्याचं नावच "लिटल लीग एल्बो" पडलंय. वेळीच विश्रांती दिली तर बहुतेक वेळा बरं होतं. "नेहमीचंच" म्हणून खेळत राहिलं तर पट्टी सुटूही शकते.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली "पिच स्मार्ट" नावाने मार्गदर्शक आकडे काढले. ११-१२ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला एक दिवस आराम, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या वर चार. आणि ज्याकडे पालक हमखास काणाडोळा करतात ते हे: वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. तुमच्या कोचनी नोव्हेंबरपासून मोजून १ फेब्रुवारी लिहिलेलं दिसतंय. मनाने काढलेली तारीख नाही ती.

कोचच्या वणाबद्दल. तो बहुधा कोपराच्या एका गाजलेल्या ऑपरेशनचा असावा. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स या टीमचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात, फाटलेल्या लिगामेंटच्या जागी, त्याच्याच उजव्या हाताचा टेंडन (स्नायूबंध) बसवला. १९७६ ला तो मैदानात परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकला. तेव्हापासून त्या ऑपरेशनला त्याचंच नाव. दुर्दैवाने यातून काही पालकांची समजूत झालीय की ऑपरेशन केलं की हात आधीपेक्षा जोरात चालतो. तसं नसतं. वर्षभर घासून रिहॅब करावा लागतो आणि सगळे परततातच असंही नाही.

---

रोखठोक | १० डिसेंबर, रात्री ८:३०

मी जरा उलट बोलतो, रागावू नका.

माजी प्रोफेशनल हा शब्द ऐकला की आपण देशी पालक लगेच पाया पडायला वाकतो. चांगला खेळणारा चांगला शिकवतोच असं कुठे आहे? आमच्या गावात अशाच एका सेंटरमध्ये (नाव घेत नाही) प्रत्येक केजमध्ये रडार गन आणि स्क्रीन. चेंडू कितीने आला, बॅटवरून कितीने गेला, किती अंशात उडाला, खऱ्या मैदानावर कुठे पडला असता, सगळं दिसतं. पोरगा आणि मी दोघेही त्या आकड्याच्या नादी लागलो. जड चेंडू फेकून वेग वाढवायचा कार्यक्रम सुरू झाला, वय वर्षं १२. आठ आठवड्यांत आकडा वाढला खरा. नवव्या आठवड्यात पोराला दात घासताना ब्रश धरवेना. तिथला माणूसही माजी प्रोफेशनलच होता.

तेव्हा तुमचा बरोबर असेलही, पण तो कुठे खेळला यावरून ठरवू नका.

---

कैरीपन्हं | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. रोखठोक, रागावू कशाला, पोटात गोळा आला वाचून. आता कसा आहे मुलगा?

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्स-रे काढला, पट्टी जागेवर आहे, पण सूज आहे. आठ आठवडे फेकणं बंद. म्हणजे फळ्यावरची तारीख फार तर चार दिवस पुढेमागे. नवरा गप्प आहे. साखरेचा विषय परत निघालेला नाही.

बॅटिंगला मात्र जातोय. तिथेही पहिली वीस मिनिटं चेंडू फेकणारं मशीन बंद. रबराच्या दांडीवर चेंडू ठेवून मारायचा, तोसुद्धा ठरलेल्या जाळीतच. मग कोच स्वतः पडद्याआड बसून जवळून हळू चेंडू देतो. मशीन शेवटची पाच मिनिटं, तेही पोरं हट्ट करतात म्हणून. मी विचारलं, एवढं महागाचं मशीन घेतलंय तर का नाही लावत? तो म्हणाला, मशीनला खांदा नसतो.

---

गल्लीक्रिकेट | १२ डिसेंबर, सकाळी ८:५०

हे समजलं नाही. आमचं चिरंजीव मशीनवर दणादण मारतं आणि मॅचमध्ये उभा खांब. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

---

पिंपळपान | १२ डिसेंबर, सकाळी ११:३०

तोच संबंध आहे. चाकांच्या मशीनमधून चेंडू दरवेळी त्याच भोकातून, त्याच वेगाने येतो. मुलं चेंडू बघतच नाहीत, ठेका धरतात. खऱ्या पिचरचा पाय उचलला जातो, खांदा वळतो, हात मागून येतो, आणि चेंडू हातातून सुटण्याच्या आधीच बॅटरचं अर्धं काम सुरू झालेलं असतं. हिशेब करून बघा. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवर, ताशी ५० मैलांनी टाकला तर सहा दशांश सेकंद मिळतात. मोठ्यांचं अंतर ६० फूट ६ इंच, पण वेग ९०, आणि पिचर पुढे झेपावून सोडतो, म्हणून जेमतेम चार दशांश. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि मारायचं. तुमच्या मुलाला सांगा, मशीनमध्ये चेंडू सोडणाऱ्याला चेंडू आधी उंच धरून दाखवायला लाव, मग सोडायला. ठेका मोडतो.

---

अवांतरकर | १२ डिसेंबर, दुपारी ४:१०

मशीनचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. धागाकर्ती मध्य न्यू जर्सीतली आहे म्हणून तर अजिबातच नाही.

पिचिंग मशीन १८९७ साली तुमच्या शेजारच्या प्रिन्स्टनमध्ये चाललं. चार्ल्स हॉवर्ड हिंटन हे तिथे गणित शिकवायचे. चौथ्या मितीवर लिहिणारे, "टेसरॅक्ट" (चार मितींचा घन) हा शब्द त्यांचाच. त्यांनी विद्यापीठाच्या टीमच्या सरावासाठी चेंडू फेकणारी तोफ बनवली. तोफ म्हणजे खरोखर तोफ, बंदुकीच्या दारूवर चालणारी. समोर उभं राहायला खेळाडू बिचकायचे यात नवल काय? पुढच्या वेळी केजमध्ये मुलगा घाबरला तर त्याला हे सांगा.

---

स्लगरवाली | १३ डिसेंबर, दुपारी १२:४५

लेकीचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला टाकला, म्हणून मी आले. अमरावतीची. शाळेत आणि मग बी.पी.एड. करताना सॉफ्टबॉल खेळले, राज्य स्तरापर्यंत. आता झेडपीच्या शाळेत आहे.

आमच्याकडे बॅटला स्लगर म्हणतात, म्हणून हे नाव. इथे बायकांच्या साडीच्या पिनेएवढा खेळ आहे हा, पण आहे. शालेय स्पर्धा होतात, दहावीला खेळाचे गुण मिळतात, आणि खरं सांगू का, निम्म्या पोरी त्या गुणांसाठी येतात. त्यातल्या चार-पाच मग जीव टाकतात. मी तशीच.

मी डावखुरी. शाळेच्या पेटीत नऊ ग्लोव्ह, सगळे डाव्या हातात घालायचे. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो हे पेटी घेणाऱ्याला कोण सांगणार? तर मी डाव्या हातात ग्लोव्ह घालून चेंडू झेलायची, ग्लोव्ह चेंडूसकट उजव्या काखेत दाबायची, हात काढायची, चेंडू ओढून घ्यायची आणि फेकायची. तोवर पळणारी बेसवर पोचून पाणी पीत असायची. दोन वर्षं असं काढलं. मग सर नागपूरहून एक जुना ग्लोव्ह घेऊन आले. वास असा की कुत्र्याने चघळलेला. मी तो उशाशी घेऊन झोपले होते बाप्पा.

आता मुद्दा. सॉफ्टबॉल म्हणजे मुलींसाठी केलेला सोपा बेसबॉल, हे डोक्यातून काढा. हा खेळ जन्मालाच आला तो छताखाली, आणि पुरुषांच्या हातून. १८८७ च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये मंडळी येल-हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉकने तो ग्लोव्ह दोरीने बांधून चेंडू केला, झाडूचा दांडा झाली बॅट. पहिलं नावच "इनडोअर बेसबॉल". तुम्ही ज्या गोदामात बसता ना, ते सॉफ्टबॉलचं माहेर समजा.

आणि सोपा तर मुळीच नाही. शाळकरी मोठ्या मुली ४३ फुटांवरून टाकतात. ६५ मैलांनी आलेला चेंडू बॅटरला साडेचार दशांश सेकंदसुद्धा देत नाही. मोठ्यांच्या बेसबॉलइतकंच झालं की. हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून चेंडू कमरेजवळून सोडायचा. फक्त एक जपा. खालून टाकतात म्हणून दुखत नाही असा सगळ्यांचा समज असतो, मीही तोच घेऊन वाढले. खांद्याच्या पुढच्या बाजूला चांगलाच ताण येतो. माझा उजवा खांदा पाऊस आला की सांगतो... डावा म्हणायचं होतं. बघा, अजून उजव्या-डाव्याचा घोळ जात नाही.

---

हडसनकाठचा | १३ डिसेंबर, रात्री ९:२५

स्लगरवाली, उशाशी ग्लोव्ह वाचून डोळ्यात पाणी आलं.

कैरीपन्हं, लेकीला बेसबॉल हवं असेल तर खेळू दे. लिटल लीगमध्ये मुलींना बंदी नाही आणि त्याचं श्रेय तुमच्याच राज्याला आहे. १९७२ मध्ये होबोकनची मरिया पेपे १२ वर्षांची होती. पिचर म्हणून तीन सामने खेळली, मग वरून दबाव आला आणि तिला बसवलं. प्रकरण न्यू जर्सीत लढवलं गेलं, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ मध्ये लिटल लीगने देशभर मुलींना दार उघडलं. तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. त्याच वर्षी लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केलं. त्यामुळे बहुतेक मुली तिकडे वळतात, पण तो नियम नाही, सोय आहे. पुढे कॉलेजात मुलींना सॉफ्टबॉलच्या जागा असतात, बेसबॉलच्या जवळजवळ नाहीत, हे मात्र डोक्यात असू द्या.

---

कैरीपन्हं | ६ फेब्रुवारी, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. परवा डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि काल पोराने पहिल्यांदा चेंडू टाकले. वीस. पंधरा पावलांवरून, निम्म्या जोराने. एकविसाव्यासाठी हात उचलला तर कोचनी चेंडूंची बादलीच उचलून नेली. पोरगा रडवेला. दोन महिन्यांत कंबर आणि पाय यांच्यावर इतकं काम झालंय की फेकताना आधीसारखा हाताने ओढत नाही, एवढं मलासुद्धा दिसलं.

वणाबद्दल नवऱ्यानेच विचारलं शेवटी. कोच म्हणाला, "माझ्या १२ व्या वर्षी मी तीन टीममध्ये होतो. सगळ्यांना अभिमान वाटायचा." एवढंच बोलून फळा पुसायला गेला.

ट्रॅव्हल टीम सोडली. नवऱ्याच्या मते घाई केली. असेल.

धाकटी त्याच सेंटरमध्ये शनिवारी मुलींच्या गटात जाते. स्लगरवालीची गोष्ट तिला सांगितली तर काखेत ग्लोव्ह दाबून फेकायचा प्रयोग करून बघितला, दिवाणखान्यात. दिवा गेला. सध्या मत असं आहे की बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळणार.

---

रोखठोक | ७ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मुलगा बरा आहे, विचारलंत म्हणून. पिचिंग सोडलं, आता फर्स्ट बेसवर असतो. तुमच्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

---

कैरीपन्हं | २१ एप्रिल, रात्री ९:४०

शेवटचं अपडेट, मग धागा सोडते.

सीझन सुरू झाला. कोचनी बजावलं होतं की चेंडू पालकांनी मोजायचे, टीमच्या भरवशावर राहायचं नाही. मी दोन सामने कागदावर रेघा मारल्या, गप्पांच्या नादात चुकल्या. मग सासूबाईंचं जपाचं यंत्र आठवलं. बोटात अंगठीसारखं घालायचं आणि बटण दाबायचं ते. त्या इथे सहा महिन्यांसाठी आल्यात. मागून घेतलं.

शनिवारी चौथ्या इनिंगला पोराला पिचिंगवरून काढलं आणि लगेच कॅचरचं सामान चढवायला लावलं. लिटल लीगचा नियम आहे की ४१ किंवा जास्त चेंडू टाकले तर त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही. स्कोअरबुकात ३९ होते, माझ्या बोटात ४३. मी कधी कुंपणापलीकडे जाऊन काही बोललेली नाही, पण गेले. बोट पुढे केलं. मंडळींनी आधी अंगठी बघितली, मग माझ्याकडे. परत मोजदाद झाली, दोन फाउल (रेषेबाहेर गेलेले टोले, तेही मोजतात) लिहायचे राहिले होते आणि एका बॅटरचे दोन चेंडू गाळले होते. दुसरा मुलगा कॅचर झाला. पोरगा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

---

गल्लीक्रिकेट | २१ एप्रिल, रात्री १०:०५

दंडवत! यंत्र कुठे मिळेल? इथल्या खेळाच्या दुकानात क्लिकर मिळतो, पण बोटातलं भारी वाटतंय.

---

कैरीपन्हं | २१ एप्रिल, रात्री १०:३०

एडिसनच्या ओक ट्री रोडवर (देशी दुकानांचा रस्ता) पूजेच्या सामानाच्या दुकानात बघा. आमचं परत करावं लागलं. मॅचनंतर शून्यावर आणायला विसरले आणि सासूबाईंनी रविवारी पहाटे तसंच पुढे मोजायला घेतलं. आता त्या रोज विचारतात, त्या ४३ चं काय करायचं.